साडेचार हीटर

पुण्याच्या नऱ्हे-धायरी भागातल्या एका पावडर कोटिंगच्या कारखान्यातून मला बोलावणे आले, ते दसऱ्याआधीच्या घाईगर्दीच्या दिवसांत. तक्रार अशी होती, की ओव्हनमधले हीटर सारखे जळतात आणि जळतात ते जवळजवळ नेहमी आर फेजचेच (कारखान्याला वीज आर, वाय आणि बी अशा तीन तारांतून, म्हणजे फेजमधून, येते); वाय आणि बी फेजवरचे हीटर ओव्हन बसवल्यापासून क्वचितच बदलावे लागले आहेत. दिवाळीपूर्वी गेट, ग्रिल आणि कपाटांच्या पत्र्यांचे काम तुंबलेले असते, आणि अशा वेळी पस्तीस-चाळीस मिनिटांत तापणारा ओव्हन तास घेऊ लागला की मालकाची झोप उडणे साहजिक आहे. पावडर नीट वितळून पत्र्याला धरायची, तर पत्र्याचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते दहा-पंधरा मिनिटे टिकवावे लागते. ते गाठले नाही, तर रंग वरून चकचकीत दिसतो आणि नखाने खरवडला की सुटून येतो.

मालक वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे आहेत, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. मी पोहोचलो तोपर्यंत काकांच्या कानावर तीन सल्ले पडून गेले होते. हीटर विकणाऱ्याचे म्हणणे असे, की आर फेजला बाहेरूनच व्होल्टेज जास्त येत असणार, तेव्हा स्टॅबिलायझर लावावा. दुसऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दोन किलोवॉटचे हीटर काढून तीन किलोवॉटचे ‘दणकट’ हीटर बसवा असे सुचवले होते, आणि काकांनी त्या हीटरांची चौकशी करून किंमतही ठरवून ठेवली होती. तिसरा सल्ला, स्टार जोडणी (तिन्ही फेजच्या हीटरांची दुसरी टोके एका सामाईक, न्यूट्रल तारेवर) मोडून डेल्टा (हीटर थेट फेज ते फेज) करा म्हणजे न्यूट्रलची कटकटच मिटेल, असा होता. हा तिसरा सल्ला अमलात आला असता, तर त्याच दिवशी सगळे हीटर एकदम गेले असते, कारण २३० व्होल्टच्या हीटरला फेज ते फेज ३९८ व्होल्ट मिळाले की व्होल्टेज सुमारे १.७३ पट होते आणि शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे तिप्पट होते. दोन किलोवॉटच्या नळीकडून सहा किलोवॉट मागितल्यावर ती किती वेळ तग धरणार!

“काका, खर्च करायचा तो कराच, पण आधी मला मोजून घेऊ द्या,” असे मी म्हणालो. काकांनी मान डोलावली, पण त्यांचे लक्ष फाटकाबाहेर ताटकळलेल्या टेम्पोकडे होते.

ओव्हनची रचना सरळ होती. पंख असलेल्या नळीचे अठरा हीटर, प्रत्येक फेजवर सहा, सहाही एकमेकांना समांतर. प्रत्येक हीटरचे एक टोक त्याच्या फेजला आणि दुसरे टोक ओव्हनच्या पाठीमागच्या जोडणीपेटीतल्या पितळी न्यूट्रल पट्टीला जोडलेले. तिथून पॅनेलपर्यंत साडेतीन कोरची, २५ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल गेली होती. साडेतीन कोर म्हणजे तीन पूर्ण जाडीच्या तारा फेजसाठी आणि एक कमी जाडीची, १६ चौरस मिलिमीटरची, न्यूट्रलसाठी. हीटरवर ठोकलेला शिक्का २३० व्होल्ट, २००० वॉट असा होता.

या दोन आकड्यांत बाकीचे सगळे दडलेले असते. शक्तीला व्होल्टेजने भागले की करंट मिळतो: २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. व्होल्टेजला करंटने भागले, किंवा व्होल्टेजच्या वर्गाला शक्तीने भागले, की रोध मिळतो: ५२,९०० भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. सहा हीटर समांतर असतील तर प्रत्येक फेजचा करंट सहापट, म्हणजे ५२.२ अँपिअर, आणि एकत्रित रोध सहावा हिस्सा, म्हणजे ४.४१ ओहम. तीन फेज मिळून ३६ किलोवॉट. कागदावर हे लिहून मी पॅनेलच्या दाराला चिकटवले, कारण मोजलेला आकडा बरोबर की चूक हे ठरवायला समोर अपेक्षित आकडा लागतो. तो नसेल तर मीटर काहीही दाखवो, माणूस “ठीक आहे” म्हणून मोकळा होतो.

काकांच्या वायरमनने आदल्या दिवशी ओव्हन बंद करून, गार झाल्यावर, मल्टीमीटरने तिन्ही फेजचा रोध तपासला होता, आणि त्याला फारसा फरक जाणवला नव्हता. त्याचा यात दोष नव्हता. सहापैकी एक हीटर तुटला, तर एकत्रित रोध ४.४ वरून ५.३ ओहमवर जातो. फरक एका ओहमपेक्षाही कमी. मीटरच्या वायरींचा स्वतःचाच रोध दोन-तीन दशांश ओहम असतो, टोक गंजलेल्या स्क्रूवर टेकवले तर आणखी काही दशांश वाढतात, आणि आकडा हलत राहतो. समांतर जोडलेल्या जाड हीटरांचे आजारपण ओहमच्या पट्टीवर पकडणे अवघड असते. ओव्हन चालू ठेवून व्होल्टेज आणि करंट मोजून भागाकार केला, तर तेच काम पन्नास अँपिअरच्या करंटवर होते आणि फरक ठसठशीत दिसतो.

म्हणून ओव्हन चालू करायला सांगितला. ओव्हनमधली हवा फिरवणाऱ्या पंख्याची मोटर वेगळ्या कॉन्टॅक्टरवर (मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) होती, तेव्हा टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारा मीटर) हीटरच्या कॉन्टॅक्टरच्या बाहेर जाणाऱ्या वायरींवरच लावला. मोटरचा करंट यात मिसळला असता तर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट हा साधा हिशेब चालला नसता; हीटर हा निव्वळ रोध असल्याने तो चालतो. पॅनेलवर फेज ते न्यूट्रल व्होल्टेज तिन्हींचे २३० च्या अगदी जवळ होते, एखाद्या व्होल्टचा फरक. बाहेरून आर फेजला जास्त व्होल्टेज येते हा पहिला तर्क तिथेच निकालात निघाला. करंट असे आले: आर ३९.१, वाय ४९.२, बी ४९.३.

आता भागाकार. आर फेजसाठी २३० भागिले ३९.१, म्हणजे ५.८८ ओहम. एका हीटरचा रोध २६.४५, त्याला ५.८८ ने भागले की किती हीटर जिवंत आहेत ते कळायला हवे. उत्तर आले साडेचार.

वायरमन मुलगा चुणचुणीत होता. तो म्हणाला, “सर, चार असतील आणि एखादा अर्धवट जळलेला असेल.” मी त्याला सांगितले, की साडेतीन कोरची केबल बाजारात मिळते, पण साडेचार हीटर कुठे मिळत नाहीत. नळीतली नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार एक तर सलग असते किंवा तुटलेली. तिचा मधला काही भाग आवरणाला चिकटून रोध अर्धा होऊ शकतो, पण मग करंट दुप्पट व्हायचा आणि बहुधा जमिनीकडे गळती होऊन संरक्षक ब्रेकर पडायचा. शिवाय कोडे एकट्या आर फेजचे नव्हते. वाय फेजचे २३० भागिले ४९.२ हे उत्तर ४.६७ ओहम येत होते, म्हणजे ५.६६ हीटर. तीच गत बी फेजची. तिन्हीकडे अपूर्णांक.

हीटर बनवणारे शक्तीत काही टक्क्यांची सूट ठेवतात हे खरे, त्यामुळे एकाच फेजवर असा आकडा आला असता तर मी तो त्या सुटीच्या खात्यावर टाकला असता. पण एका फेजवर हीटर शिक्क्यापेक्षा बारा टक्के जास्त खातात आणि उरलेल्या दोन्हींवर सहा टक्के कमी, अशी वाटणी सुटीमुळे पडत नाही. कशामुळे पडते ते मला तेव्हा दिसले नव्हते. एवढे मात्र दिसले होते, की माझ्या भागाकारातला कुठलातरी एक आकडा त्या हीटरचा नाही.

पुढचे काम वेळखाऊ होते, पण टाळण्यासारखे नव्हते. पाठीमागची जोडणीपेटी उघडून एकेका हीटरच्या वायरीवर टाँग टेस्टर लावला. पेटीत उष्णता भरपूर, हातमोजे घालून आणि एक हात शक्यतो पाठीशी ठेवून मोजायचे. मीटर आणि त्याच्या वायरी कॅट ३, ६०० व्होल्टच्या, म्हणजे अशा पॅनेलवर वापरायला सुरक्षित दर्जाच्या, असल्याची खात्री करूनच. आर फेजवरचे दोन हीटर शून्य दाखवत होते, म्हणजे मेलेले. उरलेले चारही प्रत्येकी ९.८ अँपिअरच्या आसपास घेत होते. वाय आणि बी फेजवरचे बाराच्या बारा हीटर जिवंत होते, आणि प्रत्येकी ८.२ घेत होते. शिक्क्याप्रमाणे हवे होते ८.७. ९.८ कुणालाच शोभत नव्हते आणि ८.२ ही.

काकांचा चेहरा उतरला. आर फेजचे काही हीटर त्यांनी नुकतेच बदललेले होते, आणि त्यांना वाटले की दुकानदाराने वेगळ्या शक्तीचे हीटर दोन किलोवॉटचा शिक्का मारून गळ्यात मारले. गणित वरवर त्यांच्या बाजूने होते: २३० भागिले ९.८ म्हणजे २३.५ ओहम, आणि वाय फेजचे २३० भागिले ८.२ म्हणजे २८ ओहम; म्हणजे दोन वेगळे हीटर. पण हे उत्तर दोन्ही ठिकाणी २३० व्होल्ट आहेत असे धरून आले होते. तसे ते आहेत हे अजून कुणी तपासले नव्हते. आम्ही २३० मोजले होते ते पॅनेलवर, हीटरच्या दोन टोकांवर नव्हे.

सूत्रात जो ‘व्ही’ लिहितात, तो त्याच रोधाच्या दोन टोकांमधला, त्याच क्षणाचा असावा लागतो. शाळेत हे वाक्य कुणी ठासून सांगत नाही, कारण फळ्यावर एकच बॅटरी आणि एकच रोध काढलेला असतो. ज्या गेऑर्ग ओहमने १८२७ मध्ये हा नियम पुस्तकातून मांडला, त्याला स्वतःला या ‘व्ही’ने छळले होते: त्या काळच्या रासायनिक घटांचे व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच ढळायचे, त्यामुळे मोजमापे जुळेनात, शेवटी बिस्मथ आणि तांब्याचा जोड, एक बाजू उकळत्या पाण्यात आणि दुसरी बर्फात, असा उष्णतेवर चालणारा स्थिर स्रोत त्याने वापरला तेव्हा आकडे ताळ्यावर आले. आमच्याकडे बर्फ नव्हता, पण प्रश्न त्याच जातीचा होता.

दोन शक्यता वेगळ्या करायला ओव्हन बंद केला, पॅनेलचा एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) पाडून त्याला कुलूप घातले, आणि आर फेजवरचा एक जिवंत हीटर आणि वाय फेजवरचा एक हीटर जोडणीतून सोडवला. मल्टीमीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा रोध आधी पाहून घेतला आणि तो वजा केला. आर फेजचा हीटर २५.६ ओहम निघाला, वाय फेजचा २५.४. गार असताना हे आकडे शिक्क्यावरून काढलेल्या २६.४५ पेक्षा थोडे कमी असणारच, कारण तापल्यावर नायक्रोमचा रोध काही टक्क्यांनी वाढतो. (टंगस्टनचे तसे नसते. शंभर वॉटचा जुना पिवळा दिवा पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो आणि गार असताना चाळीसच्या आसपास. त्यामुळे दिव्यावर मल्टीमीटर लावून शक्ती काढायला जाणारा हमखास चक्रावतो.) दुकानदार निर्दोष सुटला. हीटर सारखेच होते.

रोध सारखा आणि करंट वेगळा, मग वेगळे असायला उरले ते एकच. ९.८ ला २६.४५ ने गुणले, तर २५९ व्होल्ट. ८.२ ला गुणले, तर २१७. हे आकडे मी आधी कागदावर लिहिले आणि मग वायरमनला म्हणालो, की ओव्हन पुन्हा चालू कर आणि या वेळी मीटरचे एक टोक पॅनेलच्या न्यूट्रलवर न लावता जोडणीपेटीतल्या पितळी पट्टीवर लाव. सोडवलेले दोन्ही हीटर अर्थातच परत जोडले होते. आर ते पट्टी: २५९. वाय ते पट्टी: २१७. बी ते पट्टी: २१७. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मीटर एकदा बंद करून पुन्हा चालू केला.

मग पेटीतली पट्टी आणि पॅनेलचा न्यूट्रल या दोहोंमध्ये व्होल्टेज मोजले. ज्या दोन जागा एका तारेने जोडलेल्या आहेत, तिथे एखाद-दुसऱ्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. मीटरने २९ व्होल्ट दाखवले. न्यूट्रलच्या वायरीवर टाँग टेस्टर लावला, तर करंट शून्य.

या शून्याने आधीही एकदा फसवले होते असे बोलण्यातून कळले. पूर्वी कुणीतरी न्यूट्रलचा करंट तपासून तो शून्य असल्याचे पाहिले आणि लोड अगदी समतोल आहे असा निष्कर्ष काढला होता. तिन्ही फेज सारखे असतील तर न्यूट्रलमध्ये शून्य यायलाच हवे, हे बरोबर. पण इथे एका फेजवर चार आणि दोन फेजवर सहा-सहा हीटर होते. म्हणजे फेजचे करंट ३४.८, ५२.२ आणि ५२.२ असायला हवे होते, आणि त्यांच्यातला फरक, १७.४ अँपिअर, न्यूट्रलमधून परत जायला हवा होता. जिथे १७ हवे तिथे शून्य दिसले, तर त्याचा अर्थ समतोल असा होत नाही. वाट तुटली आहे असा होतो.

तीन बाजूंनी तीन जण दोऱ्या ओढत आहेत आणि मधली कडी खुंटीला बांधलेली आहे, अशी कल्पना काकांना करून दिली. खुंटी शाबूत असेल तोवर एकाचा जोर कमी झाला तरी कडी जागची हलत नाही. खुंटी उपटली की कडी जोरकस दोघांच्या बाजूला सरकते, आणि दुबळ्याची दोरी लांबते. आर फेज दुबळा होता, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट आले.

किती जास्त, हेही काढता येते, आणि या ओव्हनसाठी हिशेब गमतीशीर सोपा निघाला. वाय आणि बी फेजवर सहा-सहा हीटर चालू आणि न्यूट्रल तुटलेला असेल, तर आर फेजचे व्होल्टेज नेहमीच्या किती पट होईल हे काढायला आर फेजवर जिवंत असलेल्या हीटरांच्या संख्येत बारा मिळवायचे आणि त्याने अठराला भागायचे. सहाच्या सहा जिवंत असतील तर उत्तर एक. न्यूट्रल तुटला आहे याचा कुणाला पत्ताही लागत नाही. एक मेला, तर २४३ व्होल्ट, आणि उरलेल्या प्रत्येक हीटरची शक्ती २००० ऐवजी २२४० वॉट. दुसरा मेला, तर २५९ व्होल्ट आणि २५३० वॉट. आम्ही याच पायरीवर उभे होतो. तिसरा गेला असता तर २७६ व्होल्ट आणि २८८० वॉट. चौथा, तर २९६ व्होल्ट आणि ३३०० वॉट. प्रत्येक मरणारा हीटर उरलेल्यांवर भार टाकून जातो. व्होल्टेज साडेबारा टक्क्यांनी वाढले, तरी शक्ती सव्वापटीच्या वर जाते. तेवढ्या जादा उष्णतेने तारेचे तापमान चढते, तिचे ऑक्सिडीकरण वेगाने होते आणि तिचे आयुष्य घटते.

आर फेजच का, याचेही उत्तर यातच होते. पहिला हीटर कोणत्या फेजवर मरावा हा केवळ योगायोग. तो आरवर मेला. त्यानंतर आरवरच्या बाकीच्यांनी जास्त व्होल्टेज सोसले. मेलेला बदलला की तिन्ही फेज पुन्हा सारखे, व्होल्टेज पुन्हा २३०, आणि सगळे सुरळीत झाल्याचा भास. पण जे हीटर आधी होरपळून निघाले होते, ते त्याच जागी राहिले, आणि त्यांतला एखादा पुन्हा आधी जायचा. काका दर वेळी मेलेलाच बदलत होते, जिवंत दिसणारे पोळलेले तसेच ठेवत होते. काटकसरीच्या माणसाने दुसरे काय करावे?

आणखी एक गोष्ट मला स्वतःला लक्षणीय वाटली. एकूण शक्तीवरून हा दोष कधीच सापडला नसता. न्यूट्रल शाबूत असता, तर चार, सहा, सहा हीटरांची शक्ती ३२ किलोवॉट झाली असती. न्यूट्रल तुटलेला असताना ती आर फेजवर १०.१ आणि वाय-बीवर प्रत्येकी १०.७, म्हणजे ३१.५ किलोवॉट होत होती. अर्ध्या किलोवॉटचा फरक मीटरच्या चुकीत विरून जातो. ओव्हन तापायला उशीर होत होता तो मुख्यतः दोन मेलेल्या हीटरांमुळे: ३६ ऐवजी साडेएकतीस किलोवॉट, आणि भिंतींतून व दारातून गळणारी उष्णता तेवढीच राहत असल्याने माल तापवायला उरणारा वाटा त्याहून जास्त प्रमाणात घटतो. म्हणूनच शक्तीत आठवा हिस्सा कमी झाला तरी वेळ दीडपट होतो.

ओव्हन पुन्हा बंद करून, कुलूप लावून, सगळे गार होईपर्यंत थांबलो. त्या अवधीत काकांनी चहा मागवला आणि टेम्पोवाल्याला माल संध्याकाळी मिळेल असे सांगून टाकले, जे माझ्या मते धाडसाचे होते.

न्यूट्रलची ॲल्युमिनियमची तार पितळी पट्टीवर साध्या ॲल्युमिनियमच्या थिंबलने (तारेच्या टोकावर दाबायचे, बोल्टासाठी भोक असलेले टोपण) बसवलेली होती, आणि तीही ओव्हनच्या पाठीला, जिथे रोज तापणे आणि गार होणे चालते. ॲल्युमिनियम तापल्यावर पितळ आणि पोलाद यांच्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, बोल्टखाली थोडे चेपले जाते, गार झाल्यावर सैल पडते. मधल्या फटीत हवा शिरते आणि त्याच्या पृष्ठभागावर वीज न वाहू देणारा ऑक्साइडचा थर धरतो. थिंबल काळपट-पांढरे झाले होते आणि बोटाने फिरत होते. गंमत म्हणजे, गार असताना मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पॅनेल ते पट्टी तपासले, तर मीटर खणखणीत वाजला. वायरमनने हीच परीक्षा पूर्वी घेतली होती आणि न्यूट्रल ‘ओके’ ठरवला होता. पण बऱ्याच मीटरांचा हा आवाज तीसेक ओहमांच्या खालच्या कोणत्याही रोधाला होतो, आणि त्यासाठी मीटर सोडतो तो करंट अगदी किरकोळ असतो. इथे वीस ओहमचा जोड असता तरी मीटर वाजला असता, आणि त्या २९ व्होल्टच्या रेट्याने त्यातून दीड अँपिअरही वाहिला नसता, गरज सतराची असताना. शिवाय गार जोड आणि तापलेला जोड ही एकच वस्तू नव्हे.

जुने थिंबल कापून टाकले, तार घासून स्वच्छ केली, ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावून द्विधातूचे थिंबल षटकोनी साच्यात दाबले, आणि स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट कसला. पट्टी पेटीच्या गरम भिंतीपासून पुढे घेतली. मग हीटर न बदलता मुद्दामच ओव्हन चालू केला, कारण असमतोल लोड असतानाच न्यूट्रलची परीक्षा होते. करंट आले ३४.७, ५२ आणि ५२.१, न्यूट्रलमध्ये १७.३. सगळी व्होल्टेज २३० वर. भागाकारात हीटर पूर्णांकांत आले: चार, सहा, सहा. वायरमनने हा भागाकार स्वतः मोबाइलवर केला आणि काकांना दाखवला.

नव्या जोडाचा रोध किती, हेही पाहिले. असा रोध मल्टीमीटरच्या ओहमच्या पट्टीवर येत नाही, तिथे ०.० किंवा ०.१ दिसते आणि त्याला काही अर्थ नसतो. करंट वाहत असताना थिंबल आणि पट्टी यांच्यामधले मिलिव्होल्ट मोजायचे आणि करंटने भागायचे. ३ मिलिव्होल्ट भागिले १७.३ अँपिअर, म्हणजे ओहमचा जेमतेम सहा हजारावा हिस्सा. शक्ती काढली तर वॉटचा विसावा भाग. जोड हाताला गार लागणार, यापेक्षा वेगळे प्रमाणपत्र त्याला नको.

काकांना मी एक पर्यायही सांगितला होता: दोन-दोन हीटर मालिकेत जोडून त्यांच्या नऊ जोड्या फेज ते फेज लावल्या, तर न्यूट्रल लागतच नाही आणि एक जोडी मेली तरी दुसऱ्यांचे व्होल्टेज बदलत नाही. पण तसे केले तर प्रत्येक हीटरला १९९ व्होल्टच मिळतात, शक्ती प्रत्येकी दीड किलोवॉट आणि एकूण २७ किलोवॉट होते. दिवाळीच्या तोंडावर ओव्हनची चौथाई ताकद घालवणे परवडणारे नव्हते. तीन किलोवॉटच्या हीटरांचा विचार मात्र मी पूर्णपणे मोडून काढला. सहा हीटर प्रत्येकी १३ अँपिअरप्रमाणे फेजला ७८ अँपिअर मागतील, आणि ती केबल व तो कॉन्टॅक्टर त्या हिशेबाने घेतलेलेच नाहीत.

संध्याकाळी बुधवार पेठेतून दोन किलोवॉटचे हीटर आले. दोन मेलेले तर बदललेच, पण आर फेजवरचे चार पोळलेलेही काढून बाजूला ठेवायला लावले, अडीनडीला वापरण्यासाठी. पॅनेलच्या दारावरच्या कागदात मी तीन ओळी वाढवल्या: फेजचा करंट ५२ असेल तर सहाही हीटर चालू, ४३.५ असेल तर एक मेला, ३५ असेल तर दोन. आणि फेज सारखे नसताना न्यूट्रल शून्य दाखवत असेल, तर ओव्हन ताबडतोब बंद. टेम्पो भरून निघाला तेव्हा अंधार पडला होता, आणि काकांचे धाडस जेमतेम खरे ठरले.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. आवाजात थोडा उत्साह होता. डिग्रीझिंगच्या (पत्र्यावरचे तेल-वंगण धुण्याच्या) टाकीत एक दीड किलोवॉटचा बुडीत हीटर आहे, त्याच्यासाठी त्यांनी माझ्यासारखाच कागद तयार केला होता: रोध ३५.३ ओहम, करंट ६.५ अँपिअर. वायरमनने मोजला, तर करंट ५.९ निघाला. “शक्ती कमी झाली की हीटर बिघडला?” असे त्यांनी विचारले. मी विचारले, व्होल्टेज कुठे मोजले. पॅनेलवर, असे उत्तर आले, आणि लगेच त्यांचे त्यांनीच म्हटले, “थांबा, टाकीपाशी मोजायला सांगतो.”

दहा मिनिटांनी पुन्हा फोन: टाकीच्या टर्मिनलवर २०८ व्होल्ट. २०८ भागिले ५.९ म्हणजे ३५.३ ओहम, हीटर ठणठणीत होता. पण वाटेत २२ व्होल्ट हरवत होते. टाकीपर्यंतची वायर दीड चौरस मिलिमीटर तांब्याची आणि चाळीस मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन रोध सुमारे एक ओहम. तिच्या खात्यावर सहा व्होल्ट फार तर टाकता येतात. उरलेले सोळा व्होल्ट कुठल्यातरी एका जोडावर पडत होते, आणि १६ गुणिले ५.९ म्हणजे ९४ वॉट त्या जोडात, बहुधा भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पेटीत, अखंड जळत होते. टाकीचा स्विच आधी बंद करायला सांगितले, पेटीला हात लावू नका म्हणालो, आणि थिंबलांचा डबा गाडीत टाकून निघालो.